लिव्हरपूलचा सांगीतिक वारसा

लिव्हरपूल हे इंग्लंडच्या वायव्य भागात, मर्सी नदीच्या मुखाशी वसलेले बंदर आहे. 'द बीटल्स' या बँडचे जन्मस्थान म्हणून ते जगभर परिचित असले, तरी येथील संगीतपरंपरा त्याहून बरीच जुनी आहे. रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक ही संस्था १८४० मध्ये स्थापन झाली. युनेस्कोने २०१५ मध्ये या शहरास 'संगीतनगरी' म्हणून मान्यता दिली.

बंदर आणि संगीत

अठराव्या शतकातील येथील भरभराट मोठ्या अंशी गुलामांच्या व्यापारावर उभी होती. ब्रिटनने तो व्यापार १८०७ मध्ये बेकायदा ठरवला. पुढे आयर्लंडमधून स्थलांतरितांची रीघ लागली व त्यांची गाणी शहरात रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या फेऱ्या करणारे खलाशी अमेरिकी ध्वनिमुद्रिका घरी आणत. बीटल्सच्या उदयाचे श्रेय काही जण सर्वस्वी या तबकड्यांना देतात. ते अतिशयोक्त वाटते, कारण तेच संगीत नभोवाणी व दुकाने यांतूनही पोहोचत होते.

कॅव्हर्न क्लब

मॅथ्यू स्ट्रीटवरील एका गोदामाच्या तळघरात हा क्लब १९५७ मध्ये जॅझ संगीतासाठी सुरू झाला. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्सने येथे सुमारे २९० कार्यक्रम केले. भुयारी रेल्वेच्या वायुवीजन-विवरासाठी १९७३ मध्ये क्लब बंद करून इमारत पाडण्यात आली. ते विवर मात्र कधीच खोदले गेले नाही. आज पर्यटक पाहतात ती १९८४ ची पुनर्रचना होय. तीत जुन्या विटा वापरल्या असून तिने मूळ जागेचा काही भागच व्यापला आहे. मूळ वास्तू समजून तिची छायाचित्रे घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

पर्यटन

१८४६ मध्ये खुल्या झालेल्या अल्बर्ट डॉक परिसरात बीटल्सविषयक प्रदर्शन आहे. आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालयही (स्थापना २००७) तेथेच आहे. दोन्ही एकत्र पाहिल्यावाचून या बंदराचा इतिहास पुरता उमगत नाही. जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची बालपणीची घरे नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असून आत जाण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. पेनी लेन या रस्त्याचे नाव जेम्स पेनी या गुलाम-व्यापाऱ्यावरून पडले असे पूर्वी सर्रास सांगत. तसा पुरावा मिळालेला नाही.

येथील बंदर परिसर २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला होता. धक्क्यांवरील नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये तो यादीतून वगळण्यात आला.