‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे काय? स्तनाचा कर्करोग आणि हार्मोन्सचं नातं

स्तनाच्या गाठीची बायोप्सी होऊन कर्करोगाचं निदान झालं की रिपोर्टमध्ये तीन नोंदी हमखास दिसतात: ईआर, पीआर आणि हर-टू. घरच्यांचं लक्ष बहुधा ‘स्टेज कितवी?’ याकडे असतं. पण पुढची पाच-दहा वर्षं रोज गोळी घ्यायची की नाही, हे पहिल्या दोन नोंदींवरून ठरतं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेन हे हार्मोन पाळी सुरू असेपर्यंत मुख्यतः अंडाशयात तयार होतं आणि रक्तातून शरीरभर फिरतं. ते पेशीचं आवरण सहज ओलांडतं आणि आतल्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि काही जनुकं चालू करते. त्यातली काही पेशीला ‘विभागून दोन हो’ असं सांगणारी असतात. वयात येताना स्तनांची वाढ होते, ती याच यंत्रणेमुळे. निरोगी पेशी वेळ आली की थांबते. कर्करोगाच्या पेशीत थांबण्याची व्यवस्था बिघडलेली असते, त्यामुळे तोच संकेत गाठ वाढवत राहतो.

पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. तो तयार व्हायला इस्ट्रोजेनचा संकेत लागतो. म्हणून ईआरबरोबर पीआरही पॉझिटिव्ह असेल, तर इस्ट्रोजेनची ही साखळी खरोखर चालू आहे असं समजतात. तपासलेल्या पेशींपैकी १ टक्का पेशींत रिसेप्टर दिसला तरी रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो. ही बातमी ऐकून अनेकजण घाबरतात. वास्तविक इथे पॉझिटिव्ह असणं फायद्याचं, कारण उपचारांचा आणखी एक मार्ग खुला होतो.

या नात्याचा सुगावा हार्मोन हा शब्द रूढ होण्याआधीच लागला होता. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं, की अंडाशय काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसला. सगळ्याच रुग्णांना मात्र याचा उपयोग होत नव्हता. असं का, हे शिकागोत एलवूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन रिसेप्टर शोधल्यावर उलगडलं: ज्या गाठीत रिसेप्टरच नाही, तिला हार्मोन तोडून फरक पडत नाही.

आज सर्वाधिक परिचित असलेली टॅमॉक्सिफेनची गोळी मुळात गर्भनिरोधक म्हणून १९६० च्या दशकात तपासली गेली आणि त्या कामात नापास झाली. ती रिसेप्टरची जागा अडवते, त्यामुळे इस्ट्रोजेन असूनही त्याला चिकटायला जागा मिळत नाही. पाळी गेल्यावर अंडाशय थांबतात, तरी चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. म्हणून त्या वयात लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल देऊन त्या एन्झाइमलाच रोखतात.

या उपचाराला ‘हार्मोन थेरपी’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी हार्मोन देतात, त्यालाही तेच नाव आहे. एकात हार्मोन द्यायचं, दुसऱ्यात अडवायचं! नाव ऐकून ‘हार्मोनच्या गोळ्या नकोत’ म्हणत कर्करोगाची गोळी बंद करणं धोक्याचं आहे.

पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यास ईआर पॉझिटिव्ह कर्करोगाने होणारे मृत्यू पुढच्या १५ वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आणि हा प्रकार चिवट आहे. दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो. त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ हे गोळी सोडण्याचं कारण होऊ शकत नाही. अंगातून वाफा येणं, सांधे दुखणं हे त्रास खरे असतात, त्यावर उपायही असतात. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव झाला, किंवा पाय सुजून दुखू लागला, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या हे या गोळीचे दुर्मीळ पण गंभीर परिणाम आहेत. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

तिन्ही नोंदी निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथे या गोळ्यांचा उपयोग नाही. पुरुषांना क्वचित होणारा स्तनाचा कर्करोग मात्र बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्हच निघतो आणि त्यांनाही टॅमॉक्सिफेनच देतात.