हाताची जागा

यंत्रयुगाची कहाणी आपल्याकडे बहुधा वाफेच्या इंजिनापासून सुरू होते आणि आगगाडीपाशी येऊन थांबते. ही इंजिने ज्या यंत्रावर घडली त्या लेथची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक लाकूड कातणाऱ्या कातारी कारागिराला लेथचे तत्त्व अपरिचित नाही : वस्तू फिरत राहते आणि हत्यार तिला भिडते. प्रश्न एवढाच, की हत्यार धरायचे कोणी?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमधील बहुतेक कारखान्यांत ते कारागीरच धरत असे. धातू कातताना हत्यार मागे रेटले जाई, हात दमे, आणि एकसारखे दोन स्क्रू मिळणे दुर्मीळ असे. १७९७ मध्ये हेन्री मॉड्सले (१७७१–१८३१) याने लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्याआधी तो जोसेफ ब्रामा या कुलूपकर्त्याकडे होता. आठवड्याला तीस शिलिंगांवर वेतनवाढ मिळेना, म्हणून त्याने ती नोकरी सोडली होती. १८०० च्या सुमारास त्याने सिद्ध केलेल्या स्क्रू कातणाऱ्या लेथवर हत्यार हातात नव्हे, तर सरकत्या लोखंडी आधारावर घट्ट बसवलेले होते.

ही कल्पना सर्वस्वी त्याची होती असे मानणे इतिहासाला धरून नाही. रशियात आंद्रेई नार्तोव्ह आणि फ्रान्समध्ये वोकांसाँ यांनी असे आधार अठराव्या शतकातच योजले होते. मॉड्सलेचे श्रेय ती कल्पना भक्कम, अचूक आणि रोजच्या कामाची करण्यात आहे. सॅम्युएल स्माइल्सच्या १८६३ च्या ग्रंथानुसार आरंभी कारागीर या साधनाची जी टिंगल करीत, तिला मराठीत नेमका शब्द आहे : पांगुळगाडा. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याचे हे साधन, असा त्या टवाळीचा रोख होता. तिच्यामागे पोटाची भीतीही असावी. ती निराधार नव्हती. पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यानुसार मॉड्सलेने जहाजाच्या कप्प्या बनवणारी यंत्रे उभारली. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या. ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल माणसे करू लागली, असे सांगतात. पुढे १८६७ मध्ये 'भांडवल'मध्ये मार्क्सने या सरकत्या आधाराचा अर्थ नेमका हेरला. या साधनाने एखाद्या हत्याराची नव्हे, तर प्रत्यक्ष हाताची जागा घेतली, असे त्याचे प्रतिपादन आहे.

परंतु हाताची जागा घेणे म्हणजे केवळ सरकणे नव्हे. हाताला थांबताही येते, आणि यंत्राला ते वेगळे शिकवावे लागते. आजच्या लेथवर कॅरेज हत्याराला वस्तूच्या लांबीला समांतर नेते, तर क्रॉस स्लाइड तिच्या अक्षाकडे आडवी सरकते. सरकण्यासाठी दोन भागांत किंचित मोकळीक ठेवावीच लागते, आणि कातण्याच्या दाबाने हत्यार त्याच मोकळिकीत हलते. म्हणून लांबीने कातताना खोली ठरली की लहानसा स्क्रू आवळून क्रॉस स्लाइड जखडतात. दर्शनी तोंड सपाट करताना नेमके उलट : कॅरेज जखडतात आणि क्रॉस स्लाइड मोकळी ठेवतात. एक गती बांधल्याखेरीज दुसरी अचूक होत नाही.

मग कारागिराचे काय उरले? मॉड्सले स्वतः कानस चालवण्यात निष्णात होता. त्याच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर पृष्ठभाग पारखण्यासाठी सपाट पट्ट ठेवलेले असत. यंत्राच्या सरळ मार्गिका आधी कानशीने आणि खरवडणीने, म्हणजे हातानेच, सपाट कराव्या लागत. जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नास्मिथ ही पुढची पिढी याच शिस्तीत घडली. हाताने आपली अचूकता यंत्राला दिली. पोर्टस्मथच्या अकुशल माणसाला मात्र त्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न यंत्राच्या गौरवगाथेत सहसा विचारला जात नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तो विचारायला हवा, कारण ज्यांच्या श्रमावर ही गाथा उभी आहे त्यांची नावे तिच्यात नाहीत.