हळद, छापील शब्द आणि कायद्याचे पूर्वज्ञान

सोलापुरातील बाळे येथे खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो. तीच हळद या भागात घरोघरी जखमेवर दाबून धरतात. हा उपचार जुना आहे, हे येथे कोणास सिद्ध करावे लागत नाही. तथापि लोकांस ठाऊक असणे आणि कायद्याच्या दृष्टीने ज्ञात असणे या भिन्न गोष्टी होत, हे हळदीच्या पेटंटवरील वादाने दाखवून दिले.

पेटंटची पहिली अट नावीन्य. आधीच ज्ञात असलेले, म्हणजे पूर्वज्ञान, कोणाच्या मक्तेदारीचा विषय होऊ शकत नाही. परंतु अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात एक भेद होता. त्या देशातील वापर वा माहिती पूर्वज्ञानात जमा होई. परदेशातील गोष्ट मात्र पेटंटात अथवा छापील प्रकाशनात वर्णिलेली असेल तरच. उलट, संशोधकाने स्वतः शोध प्रसिद्ध केल्यास अर्जासाठी त्यास एक वर्षाची सवलत असे. अशा रीतीने संशोधकाचा स्वतःचा लेख वर्षभर त्याच्या आड येत नसे, आणि परदेशातील पिढ्यानुपिढ्यांचा अलिखित वापर तर कधीच येत नसे.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट मिळाले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या काळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. घरगुती अनुभवाची साक्ष तेथे पुरेशी नव्हती. म्हणून संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत १९५३ मधील भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

विजय झाला तो वस्तुतः छापील शब्दाचा. हळदीस ग्रंथांचा आधार होता. जे ज्ञान केवळ बोलीत जगत होते, त्यास तो मार्ग बंदच होता. पुढे भारताने २००२ च्या दुरुस्तीने स्थानिक समाजाचे मौखिक ज्ञान हेही पेटंटवरील आक्षेपाचे कारण मानले. अमेरिकेने २०११ च्या कायद्याने, १६ मार्च २०१३ पासून, देशाची मर्यादा दूर केली. वर्षाची सवलत मात्र कायम ठेवली. भारतात ही सवलत बारा महिन्यांची असली तरी अधिसूचित प्रदर्शन, विद्वत्सभेतील निबंधवाचन अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे.

मौखिक ज्ञानास कायद्याने स्थान दिले, तरी ते अर्जाच्या पूर्वीचे होते हे सिद्ध करण्याचा भार उरतोच. तो पेलण्यास दिनांकित नोंदीइतके समर्थ साधन दुसरे नाही. म्हणून बोलीतील औषधी शब्द व त्यांचे उपयोग टिपून ठेवणे हे केवळ कोशकाराचे काम राहिलेले नाही.