हेलसिंकी ते टोकियो: नऊ तास की तेरा?

आजचा प्रश्न एकदम सोपा आहे. फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियोला विमानाने किती वेळ लागतो?

सरळ अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी भागाकार करतो. ताशी ८५०-९०० किलोमीटर वेग धरला तर नऊ-साडेनऊ तास. २०१९ मध्ये हे उत्तर बरोबर होतं. २०२२ नंतर तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. दोन्ही शहरं जागच्या जागी आहेत. मग हे जास्तीचे तास आले कुठून?

उत्तर आहे सायबेरिया. युरोप-जपानचा सरळ रस्ता तिथूनच जातो आणि शीतयुद्धात सोव्हिएत संघाने तो बहुतेक पाश्चात्त्य विमानांना बंद ठेवला होता. मग काय, दक्षिण आशियाला वळसा घालून, थांबत थांबत जायचं. पन्नासेक तास मोडायचे.

२४ फेब्रुवारी १९५७ ला स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने वेगळीच वाट धरली: कोपनहेगन, उत्तर ध्रुवाचा परिसर, अलास्कातलं अँकरेज आणि मग टोकियो. वेळ आली बत्तीस तासांवर. पण ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचं राहत नाही. म्हणून नकाशावर चौकोनी जाळी आखून, जायरोच्या आधाराने दिशा धरावी लागे.

पुढे २२ एप्रिल १९८३ ला फिनएअरचं डीसी-१० हेलसिंकीहून निघालं, ध्रुवावरून गेलं आणि मध्ये कुठेही न थांबता टोकियोला उतरलं. वेळ सुमारे तेरा तास. सायबेरियाला शिवायचंच नाही, हा त्यातला मुद्दा.

शिवलं तर काय होतं, हे चारच महिन्यांत दिसलं. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अँकरेजहून सोलला जाताना हळूहळू मार्गापासून सरकत गेलं आणि सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते साखालिनजवळ पाडलं. २६९ माणसं गेली. नंतरच्या आंतरराष्ट्रीय तपासाचा निष्कर्ष असा, की ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाऐवजी नुसती दिशा धरून उडत राहिला आणि ते कॉकपिटमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वाचताना पोटात गोळा येतो.

त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेच्या रेगन सरकारने जाहीर केलं, की जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठीही खुलं करू. तुमच्या फोनमधल्या निळ्या ठिपक्याचा हाही इतिहास आहे बरं का.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. पैसे मोजून सायबेरियाचं आकाश मिळू लागलं. हेलसिंकी नकाशावर मोक्याच्या जागी, त्यामुळे फिनएअरने युरोप-आशिया प्रवासावर मोठा धंदा उभा केला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने तसंच उत्तर दिलं. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची विमानं पुन्हा ध्रुवाकडे वळली. तेच १९८३ चे तेरा तास! विमानं कितीतरी सुधारली, घड्याळ मात्र चाळीस वर्षं मागे गेलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर, ग्राफमधली एक कडी पुसली की सर्वांत जवळचा रस्ताच बदलतो. फक्त ही कडी कुठला प्रोग्रामर पुसत नाही, सरकारं पुसतात. आणि जास्तीचं इंधन, तिकिटाचे पैसे, वैमानिकांचे तास, हे सगळं त्या हिशोबात येतं.

पुढच्या वेळी फ्लाइट ट्रॅकर उघडाल तेव्हा विमानाची रेघ कुठे वाकडी जाते ते बघा. तिथे ते कुणाचं आकाश टाळतंय, ते शोधा आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!