चौदा दिवसांची खाट: फिस्टुला आणि आपली हॉस्पिटलं

आजचा विषय फिस्टुला. भगंदर नव्हे हं, ते वेगळं. हा बाळंतपणात होणारा फिस्टुला.

होतं काय, की बाळाचं डोकं हाडांत अडकतं. कळा दोन-दोन दिवस चालतात आणि सिझेरियन वेळेत मिळत नाही. दाबामुळे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. काही दिवसांनी तो भाग गळून पडतो, तिथे भोक राहतं. बाळ बहुतेक वेळा दगावतं. बाई वाचते, पण लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. मग वास येतो म्हणून वेगळं अंथरूण, आणि कधी कायमचं माहेर.

यावरचं ऑपरेशन जुनं आहे. अमेरिकेत अलाबामामध्ये जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर भूल न देता प्रयोग केले. त्यातल्या अनार्कावर तर जवळपास ३० वेळा. चांदीच्या तारेचे टाके अखेर टिकले. सिम्सच्या नावाचं तपासणीचं उपकरण आजही आपल्या ओपीडीत असतं. अनार्काचं नाव मात्र कुठल्याच उपकरणावर नाही.

आता आपल्याकडे या. त्या काळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला बायका तयार नसत. म्हणजे ऑपरेशन माहीत असूनही उपयोग शून्य! हा अडसर ओळखून मुंबईत पेस्तनजी कामा यांनी देणगी दिली आणि १८८६ मध्ये बायकांसाठी, बाई डॉक्टरांच्या हाताखाली चालणारं कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची. १८९० मध्ये त्यांनी बालविवाहाविरुद्ध जाहीर भाषण केलं. हाडं पुरती वाढायच्या आत मूल झालं, तर अडलेल्या बाळंतपणाचा धोका वाढतो. म्हणजे लग्नाचं वय हासुद्धा हॉस्पिटलचाच प्रश्न होता.

मग शंभर वर्षांनी सगळं सुधारलं असेल ना? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आजार होता, पण कुणी विचारलंच नव्हतं.

आज चित्र बरंच बदललंय. महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होती, ती २०१९-२१ पर्यंत जवळपास ९५ टक्के झाली. पण उरलेल्या बायका राहतात कुठे? बऱ्याचदा घाटापलीकडे. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठहून शहरात यायचं तर पन्नासेक किलोमीटर आणि वाटेत सावळघाट. अडलेल्या बाईला हे अंतर तासांत मोजावं लागतं. शिवाय सिझेरियन किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला इजा झाली, तरी फिस्टुला होतो. म्हणजे नुसती ऑपरेशनं वाढवूनही भागत नाही, ती नीट व्हावी लागतात.

मग हॉस्पिटलला द्यायचं काय? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सिस्टीम म्हणून बघतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिस्टुलाचं ऑपरेशन करायची गरज नाही, उलट करूच नये. कारण पहिल्या ऑपरेशनला यशाची शक्यता सगळ्यात जास्त असते. ते फसलं की पुढचं अवघड. तालुक्याला हवी ती ओळखणारी नर्स आणि लघवीची नळी. अडलेल्या बाळंतपणानंतर नळी वेळेत घातली आणि पुरेसे दिवस ठेवली, तर काही छोटी ताजी भोकं आपोआप बुजतात. किती स्वस्त उपाय! जिल्ह्याला हवा या कामात हात बसलेला सर्जन, भूलतज्ज्ञ, आणि ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे नळीसकट राहता येईल अशी खाट. तेवढे दिवस बाईची मजुरी बुडते, घरची पोरं कुणी सांभाळायची हा प्रश्न पडतो. त्याचीही सोय लागते, नाहीतर ती मधूनच उठून घरी जाते. एक कडी तुटली की अख्खी साखळी बंद.

आणि पहिली कडी फुकट आहे. गावाकडच्या कुणा मावशी-काकू लग्नकार्यात यायचं टाळतात, सारख्या कपडे बदलतात? आईला सांगा, हळूच विचारायला. आशाताईंना कळवा. बहुतेक फिस्टुला अनुभवी हातांत बरे होतात, हे त्या काकूंना आजवर कुणी सांगितलंच नसेल.