पोटमाळ्यावरचं तिसरं मूल

घरामागच्या रानातलं पहिलं झाड कोसळतं आणि आई बारा वर्षांच्या ल्यूकला हाक मारून घरात घेते. यापुढे अंगणात पाऊल टाकायचं नाही. रान गेलं की तिथं घरं येणार, घरांना खिडक्या येणार, आणि खिडकीतून कुणी पाहिलं तर? ल्यूक हा तिसरा मुलगा, आणि कायदा दोनच मुलांचा. म्हणून झोपायचं पोटमाळ्यावर, जेवायचं जिन्याच्या पायरीवर बसून, जग बघायचं झरोक्यातून. मार्गारेट पीटरसन हॅडिक्स या अमेरिकन लेखिकेची ‘अमंग द हिडन’ ही किशोरांसाठीची कादंबरी १९९८ ची. पुढे तिची सात पुस्तकांची मालिका झाली.

या मुलाची वंशावळ उकलत गेलं की मूळपुरुष भेटतो तो थेट अथेन्समध्ये. ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात प्लेटोनं राज्याच्या रक्षकांना स्वतःचं कुटुंबच ठेवलं नाही. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, पण चिठ्ठ्यांची लबाडी राज्यकर्त्यांनी आधीच करून ठेवायची. मुलं जन्मताच दायांच्या हवाली. आयांनी येऊन दूध पाजावं, मात्र आपलं मूल कुठलं हे एकीलाही कळता कामा नये. गंमत अशी, की प्लेटो कुणाला घाबरवत नव्हता. त्याच्या लेखी हे आदर्श राज्य होतं!

त्याच चित्राची भीती वाटायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९२० च्या सुमारास रशियन लेखक झाम्यातिननं ‘वुई’ लिहिली. तीत ओ-९० नावाच्या बाईला मूल होऊ द्यायचं नाही, कारण ठरवून दिलेल्या मापापेक्षा तिची उंची दहा सेंटिमीटरनं कमी भरते. हक्स्लीच्या १९३२ च्या कादंबरीत मुलं बाटल्यांत वाढतात आणि ‘आई’ हा शब्द चारचौघांत उच्चारण्याजोगा राहत नाही. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये सात वर्षांची पोर बापाची चुगली करून त्याला तुरुंगात धाडते.

पण ही सगळी मोठ्यांची पुस्तकं. त्यांत मूल म्हणजे एकतर कारखान्यातला माल, नाहीतर सरकारचा खबऱ्या. लोइस लाउरीच्या ‘द गिव्हर’नं (१९९३) गोष्ट मुलाच्याच नजरेतून सांगितली. तिथं जोडप्यानं अर्ज करायचा, मग एक मुलगा आणि एक मुलगी मंजूर होते. जन्म देणाऱ्या बायका वेगळ्याच; तीन बाळंतपणं झाली की त्यांची रवानगी मजुरीवर. हॅडिक्स त्याहून पुढे गेली. तिच्या कादंबरीत मूल हाच गुन्ह्याचा मुद्देमाल झाला. माझ्या मते या घराण्याला खरं वळण लागलं ते इथं. ‘हंगर गेम्स’नंतर अशा पुस्तकांचं पेव फुटलं, पण त्यांतल्या कितीतरी रणधुमाळ्यांपेक्षा जिन्यावर बसून जेवणारा ल्यूक मला अधिक अस्वस्थ करतो.

कारण तो कल्पनेतला राहिलेला नव्हता. चीनच्या कम्युनिस्ट पक्षानं २५ सप्टेंबर १९८० रोजी खुलं पत्र काढून एकाच मुलावर थांबायला सांगितलं. त्यानंतर जन्मलेल्या कित्येक जादा मुलांची नावं कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत चढलीच नाहीत. नोंद नाही म्हणून शाळा नाही, दवाखाना नाही. अशांना तिकडे ‘काळी मुलं’ म्हणत. २०१० च्या जनगणनेत बिननोंदीची सुमारे १ कोटी ३० लाख माणसं निघाली, त्यांतली बरीचशी या धोरणापायी. ते धोरण संपलं २०१६ मध्ये.

आणि आपण? चीनच्या त्या पत्राच्या चार वर्षं आधी, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीनं तो विषयच मिटवला. नसबंदीची सक्ती गेली, मोजदाद मात्र राहिली. २००५ च्या नियमांनुसार आजही राज्य सरकारच्या नोकरीसाठी अर्ज करताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्यात एक रिकामी जागा असते: हयात मुलांची संख्या.