हरवलेल्या फायली आणि हिराइसा

परवा कॉम्प्युटर बसला. बसला म्हणजे उठेचना! दुकानदाराने हार्ड डिस्क कानाशी लावून "टकटक येते आहे, मावशी" असं सांगितलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. त्यात आईच्या आठवणी होत्या. ती ओट्यावर बसून सांगायची आणि मी टाइप करायचे.

आठ दिवसांनी एका पेन ड्राइव्हवर "जे मिळालं ते" हाती आलं. फायलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. मजकूर सापडतो, पण त्याचं नावगाव लिहिलेली यादीच खराब झालेली असते, असं तो म्हणाला. एकेक उघडायला घेतली तर आत मराठी नाहीच, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! दिवसभर रडकुंडीला आले. मग नातवाने ओळखलं, की हे जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं आहे. फॉन्ट घातला आणि आई बोलायला लागली.

तेव्हा मला बी. ए. चं लीळाचरित्र आठवलं. महानुभावांच्या पुष्कळ पोथ्या सकळ लिपीत असत. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, म्हणून पंथाबाहेरच्याला काही कळू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास ती लिपी उकलली आणि मराठीचं एक अख्खं दालन उघडलं. पुढे आमच्या नागपूरच्याच ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापलं, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची मोठी प्रत आली.

पण खरी गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपूरला नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या. ज्याच्या बाबतीत ती घडली त्याला गाठून खात्री केली, आणि १२७८ च्या सुमारास ग्रंथ सिद्ध झाला. पुढे दिल्लीच्या फौजा देवगिरीवर आल्या. त्या पळापळीत मूळ प्रतच गेली. दुसरी प्रत कुठली असायला!

मग ज्यांना पाठ होतं त्यांनी तो पुन्हा उभा केला. त्यांत हिराइसा ही एकपाठी बाई. एकदा ऐकलं की विसरायची नाही. अर्थात सगळ्यांचं सारखं कसं जुळणार? म्हणून वेगवेगळे पाठ झाले. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं, की त्यांनी फरक लपवला नाही. अमकी गोष्ट हिराइसा अशी सांगते, परशरामबास तशी सांगतात, असं नावानिशी नोंदवलं. वेगळ्या पाठाला त्यांचा शब्द आहे 'वासना'. सातशे वर्षांनंतरही आपल्याला कळतं, की कोणाला काय आठवत होतं.

आईची एक फाइल मात्र मिळालीच नाही. ती लग्न होऊन आर्वीहून निघाली त्या दिवसाची. आक्काला फोन केला. ती म्हणाली, "बंडी नाल्यात अडकली आणि आईची ट्रंक वाहून गेली." भाऊ म्हणतो, "काहीतरीच! ट्रंक काढली होती, नुसती भिजली. आतला शालू मी पाहिलाय." दोघंही हट्टाला पेटले. माझ्या आठवणीत तर ट्रंकच नाही, आईचे ओले पाय तेवढे आहेत. ती ते सांगताना पाय पोटाशी घ्यायची.

आधी वाटलं, दोघांचं जुळवून एक सरळ गोष्ट लिहावी. मग रिद्धपूर आठवलं. आम्ही तिघंही सत्तरीपार. आज मी एक पाठ ठरवून टाकला, तर उरलेले दोन आमच्याबरोबरच जातील.

म्हणून नवी फाइल केली आहे. आक्काचं आक्काच्या नावाने, भाऊचं भाऊच्या, माझं माझ्या. मंडळी, तुमच्यापैकी कोणाला आईने ही गोष्ट सांगितली असेल तर जशी आठवते तशी कळवा. चुकेल म्हणून थांबू नका. तीही लिहून ठेवीन, वासना म्हणून.

आणि हो, या वेळी तीन प्रती काढल्या आहेत. एक कागदावर.